देव नळदुर्गला होता तवा

अणदूरच्या आमच्या पिढीला हिवाळा लागल्याचं वांग्यावरून कळायचं. आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की वांगं घरात यायचं बंद. बाजारात जांभळे ढीग लागोत, मळ्यातल्या झाडांना वांगी लोंबोत, आज्जी तिकडं बघायचीसुद्धा नाही. आम्ही पोरं कुरकुरलो की तिचं उत्तर ठरलेलं, "देव गेला का नळदुर्गला? मग दमा की जरा."

बाहेरच्या माणसाला हे उत्तर उलगडायचं नाही. आमचा खंडोबा वर्षातला बराचसा काळ अणदूरला असतो. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेची आमची यात्रा झाली की देव नळदुर्गच्या मैलारपुरात जातो. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिकडं भरते आणि मग देव परत येतो. दोन गावांनी एक देव असा वाटून घेतलाय, पिढ्यान्‌पिढ्या वाटा मोडलेला नाही. देव निघाला की पाचव्या दिवशी चंपाषष्ठी, म्हणजे आमची वांगेसट. देव तिकडं असतो तेवढे दिवस आमचा खरा हिवाळा. अमकी भाजी कधी खाल्ली, तमकी बोरं कधी आली, हे आठवायचं झालं तर घरात अजून कुणीतरी म्हणतंच, "देव नळदुर्गला होता तवा."

वांगेसटीला वांगं आणायचं म्हणजे कसंही आणायचं नाही. आज्जी ते तळहातावर घेऊन तोलायची. आकारानं मोठं आणि वजनाला हलकं ते भरताचं. जड लागलं की आत बिया. देठ हिरवं आणि काटेरी पाहिजे. मग चुलीतल्या गोवऱ्यांच्या विस्तवावर ते फिरवत भाजायचं. साल फुटून आतलं पाणी चर्र वाजलं की काढायचं, राख झटकायची, चटके सोसत सोलायचं. ओला कांदा पातीसकट चिरून, हिरवी मिरची ठेचून, वरून घाण्याच्या करडईच्या तेलाची कच्चीच धार. शेजारी रोडगे आणि बाजरीची भाकरी. देवापुढं तळी भरायची, येळकोट करायचा आणि इतके महिने वाट बघून थकलेल्या पोरांनी ताटावर तुटून पडायचं. तसं भरीत पुढं आषाढीपर्यंत मिळायचं, पण त्या दिवसाची चव वर्षभर मिळायची नाही.

आठवडी बाजारात बायकांची एक रीत होती. आधी अख्खा बाजार रिकाम्या हातानं फिरायचा. कुणाची मेथी कोवळी, कुणाचा मुळा पोकळ, कुणाची गाजरं आज सकाळी उपटलेली आणि कुणाची परवाची, हे डोळ्यांनी टिपून घ्यायचं. बोलायचं काहीच नाही. दुसऱ्या फेरीला घासाघीस. माळीण मावशी म्हणायची, "घ्या की अक्का, सकाळच्याला काढलीया." अक्का जुडी उलटी धरून मुळ्यांची माती बघायची. माती ओली असली तर मावशी खरी. जुडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या मागून घ्यायच्या नसत, त्या आपसूक पडत. त्या न टाकणाऱ्या बाईकडं पुढच्या बाजारी कोण जाणार?

दशमान वजनं येऊन वर्षं लोटली तरी आमच्या घरात किलो शिरला नव्हता. शेर, मापटं, चिपटं, कोळवं हीच भाषा. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. बोरं चिपट्यानं, शेंगा शेरानं, ज्वारी पायलीनं. बोरं विकायला डोक्यावर पाटी घेऊन बायका गल्लीत येत आणि पैशापेक्षा धान्यावर त्यांचा जीव अधिक. एक चिपटं ज्वारी घातली की बोरं दोन्ही हातांच्या ओंजळीनं पदरात पडत. बोरंही किती तऱ्हेची! आंबट, गोड, तुरट, किडकी. आणि तांबूस सुरकुतलेली, जी सगळ्यांत आधी संपत. आठळ्यासुद्धा वाया जात नसत. उंबऱ्यावर ठेवून दगडानं फोडायच्या, आतला दाणा खायचा, ओरडा खायचा, पुन्हा दुसरी आठळी घ्यायची.

ज्या दुरडीतून हे सगळं घरात यायचं, ती दुरडी आज्जीच्या लग्नातली असावी. बांबूच्या कामट्या सैल झाल्या की टाकून देणं कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. जुन्या वह्यांचा कागद भिजत घालायचा, मेथीदाण्यांचं पीठ मिसळून लगदा कुटायचा आणि दुरडीला आतून-बाहेरून लिंपायचा. वाळली की ती नव्याहून घट्ट. आमचे गणितातले शून्य मार्क त्या लगद्यात कायमचे गाडले जायचे, म्हणून त्या कामाला पोरं हौसेनं बसायची.

पण खरं सांगायचं तर आमचा मोठा बाजार शेतात होता. आठवड्याचा बाजार हा त्याचा पुरवणी भाग. हस्त-चित्राच्या सुमारास पेरलेली रब्बीची ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर आणि पहाटेच्या दहिवरावर वाढायची, तिला पाणी देणं नव्हतं. त्या एका ज्वारीच्या आश्रयाला किती जणं राहायची! काही काकऱ्यांनंतर करडईच्या ओळी. बांधाकडंनंही करडई, कारण ती मोठी झाली की काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही. तिच्या कोवळ्या पानांची भाजी मार्गशीर्षात. तासातासातून आपोआप उगवलेली पाथरी. ती शिजवायचीच नाही, उपटायची, झटकायची आणि भाकरीवर तिखटासोबत कच्चीच खायची. पलीकडं हरभरा, बांधाला तूर, कडेला लसणाचा वाफा. शेतात गेलेला माणूस रिकाम्या हातानं परत आला तर आज्जी विचारायची, "रानात गेला हुतास का चावडीवर?"

हरभऱ्याबद्दल मात्र थांबून सांगायला पाहिजे. तो वीतभर झाला की बायका शेंडे खुडायला जायच्या. खुडल्यानं झाडाला फांद्या फुटतात, घाटे जास्त लागतात आणि घरात भाजी येते. एका कामात तिन्ही गोष्टी. त्या पानांवर आंब असते. बोटं आंबट होतात, नखांच्या कडा चिरतात, लुगड्याच्या काठाला ती लागली तर कापड विरतं. म्हणून खुडणीला जुनेर नेसायचं. आणि ती भाजी धुवायची नाही! नव्या सुनेनं एकदा भाजी स्वच्छ धुऊन घातली, तर सगळ्या बायका तोंडात बोट घालून उभ्या राहिल्या. धुतली की आंब गेली, आंब गेली की भाजीत उरलं काय? नुसता पाला. लसणाची फोडणी, थोडं ज्वारीचं पीठ पेरून हाटलेली ती भाजी, गरम भाकरी आणि कांदा. उरलेली पानं माळवदावर सावलीत वाळवून मडक्यात भरायची. चैतात भाजीचा दुष्काळ पडला की मडकं उघडायचं.

काही म्हातारी माणसं रात्री हरभऱ्यावर धुवट पांढरं फडकं पसरून ठेवत. पहाटे ते दहिवरानं आणि आंबेनं भिजलेलं असे, पिळून बाटलीत भरून ठेवत. कुणाचं पोट दुखलं, अजीर्ण झालं की चमचाभर आंब पाण्यात. गावात दवाखाने नव्हते असं नाही, पण पोटाच्या दुखण्याला आधी बाटली, मग डॉक्टर, हा क्रम होता.

घाटे भरले की ढाळे. अख्खं झाड उपटून खांद्यावर टाकायचं आणि शाळेपर्यंत सोलत-सोलत जायचं. वाटेवर टरफलांची रेघ पडायची. पोरगं कुठून कुठं गेलं ते आईला त्या रेघेवरून कळायचं. तुरीच्या शेंगा मात्र घरी उकडायच्या, मोठ्या पातेल्यात, मीठ घालून. रात्री सगळ्यांनी चुलीपुढं गोल बसायचं आणि पातेलं मध्ये. त्या शेंगा खाताना घरातली सगळी बोलणी व्हायची, लग्नं ठरायची, भांडणं मिटायची. सोललेली साल म्हशीला, तुराट्या छपराला आणि खराट्याला. टाकून द्यायला काही उरतच नसे.

आणि मग येळवस! पुण्या-मुंबईकडच्या लोकांना वेळ अमावस्या सांगून कळत नाही. दिवाळीपेक्षा मोठा सण म्हटलं की ते हसतात. धाराशिव आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मार्गशीर्ष अमावास्येला गावच्या गाव ओस पडतं, सगळी माणसं रानात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे मालट्रक तेवढे धावायचे. गावातल्या दुकानांना कुलपं. खाली कर्नाटकातही हाच दिवस धरतात, एळ्ळ अमावास्या म्हणून. सीमेच्या दोन्ही अंगांना काळं रान एकच, ज्वारी एकच, मग सण वेगळा कशाला असेल?

येळवसची तयारी आदल्या रात्रीच नव्हे, त्याच्याही आधी सुरू. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून अंबिल करायची, तिला लसूण, मिरची, जिऱ्याचा वास लागला पाहिजे. भज्जीसाठी आख्ख्या बाजाराची आणि आख्ख्या रानाची गाठ घालायची. तुरीचे सोले, ओला हरभरा, वाटाणा, वाल, ओल्या शेंगा, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, लसणाची पात, वांगी, गाजर, बोरं, गाभुळलेली चिंच; जे जे त्या हिवाळ्यात उगवलं त्याला भज्जीत जागा होती. वर डाळीचं पीठ लावून ती रटरटायची. घरातल्या बाया पहाटे तीनला उठायच्या आणि भज्जी कुणाच्या हातची, यावर जावाजावांत गोड चढाओढ असायची. धाकटी म्हणायची चिंच कमी झाली, थोरली म्हणायची चव बघायच्या आधी बोलू नये. दोघींचंही बरोबर असायचं, कारण दरवर्षीची भज्जी वेगळीच निघायची. तिचं माप कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. बाजारात त्या आठवड्यात काय आलंय आणि रानानं काय दिलंय, तेच माप.

सोबत गव्हाची खीर, शेंगापोळी, तिळाची पोळी, बाजरीचे उंडे, दही, धपाटे. हे सगळं दुरड्यांत बांधायचं, अंबिलीचं बिंदगं घोंगड्याच्या चुंबळीवर डोक्यावर घ्यायचं. बिंदगं नेणाऱ्या बाईशी वाटेत कुणी थट्टा करायची नाही, अंबिल सांडली तर वर्षाचं सांडलं. रानात ज्वारीच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली असायची. आत पाच दगड, चुना लावलेले पांडव. पूजा झाली की अंबिल रानभर शिंपायची, उभ्या पिकाला पहिला घास. नवीन मडक्यात दूध उतू घालायचं आणि ते कुठल्या बाजूनं उतू जातंय तिकडं सगळ्यांचे डोळे.

मग पंगत. येळवसला आपल्या रानावरून जाणारा माणूस जेवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचा नाही, मग तो ओळखीचा असो, परका असो, कुठल्याही जातीचा, कुठल्याही धर्माचा असो. ज्यांना रान नाही त्यांना आधी बोलावणं. मास्तर, कंडक्टर, पोस्टातला बदलीवर आलेला माणूस, सगळे कुणा ना कुणाच्या कोपीपुढं. चार रानांतून आमंत्रणं असली की चारही ठिकाणी घास घ्यावाच लागायचा आणि चौथ्या रानात माणूस आडवाच व्हायचा. दिवस कलला की कडब्याचा हेंडगा पेटवून रानाला फेरी. हिवाळ्यातल्या सगळ्या भाज्यांची चव एका दिवसात कळायची ती अशी. आमच्या मते हा आपल्याकडचा सगळ्यांत शहाणा सण आहे: बाजारातून आणलेलं आणि शेतात पिकलेलं एकाच पातेल्यात, आणि ते पातेलं ज्याला शेत नाही त्याच्यापुढं आधी.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारी-सास्तूरकडं भूकंप झाला. आमची सोयरीक त्या भागातली. त्या हिवाळ्यात पाहुणे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. येळवसला काय करायचं, हा प्रश्न घरात कुणी तोंडानं विचारला नाही. बिंदगं भरलं, दुरड्या बांधल्या आणि सगळे तिकडं गेले. घरं नव्हती, रान होतं. त्यांनीही कोप उभी केली होती. पांडव मांडले होते. त्या दिवशी कमी बोलणं झालं आणि भज्जी पुरून उरली.

संक्रांतीचं लवकर सांगून टाकतो, कारण ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि लेकुरवाळी भाजी. सुगडात ऊस, बोरं, हरभरा, गाजर, गव्हाच्या ओंब्या, शेंगा. उसाची चिपाडं वाळवून चुलीत. आमचा ओढा त्या दिवसांत सुगडापेक्षा गुऱ्हाळाकडं अधिक. काहिलीवर वाफ चढली की गुळव्याभोवती पोरं गोळा व्हायची. घरचं ताट नेलं तर काकवी, विसरलं तर उसाच्या कांड्याला चिकटलेला गरम गूळ.

देव नळदुर्गहून परत यायच्या बेतात असला की ज्वारी हुरड्यात आलेली असायची. आधी ती चिकात येते, दाणा चिमटला तर दूध निघतं. ते दूध घट्ट होऊन दाणा हिरवा, मऊ आणि गोड असतो ते थोडेच दिवस. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी भाकरीला उत्तम, पण हुरड्याला गुळभेंडी. म्हणून शहाणा शेतकरी कडेच्या चार ओळी गुळभेंडीच्या टाकायचाच. रानात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, जाळ बसला की विस्तवात कणसं खोचायची. भाजलेलं कणीस गरम असतानाच दोन तळहातांत चोळायचं. हात भाजतात, भाजू द्यायचे. गार कणसाचा दाणा सुटत नाही. कोंडा फुंकून हिरवे दाणे पुढच्याच्या ओंजळीत. चोळणारा शेवटी जेवतो, हा नियम, आणि घरातला थोरला चुलता तो नियम आनंदानं पाळायचा. शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट, दही, गुळाचा खडा. चार वाजेपर्यंत सगळ्यांची तोंडं काळी आणि पोटं टम्म.

आता बाजार भरतो, पहिल्यापेक्षा मोठा भरतो. वाटाणा, गाजर, फ्लॉवर यांचे ढीग लागतात आणि वांगं चातुर्मासातही खपतं. त्याबद्दल आमची तक्रार नाही; ज्याला जे परवडतं ते त्यानं खावं. सल वेगळाच आहे. ज्या ज्वारीच्या आश्रयाला आमच्या हिवाळ्यातलं निम्मं ताट राहत होतं, ती ज्वारी रानातून मागं सरली. पूर्वी खरिपात रान मोकळं ठेवून रब्बीला ज्वारी पेरायचे. आता खरिपात सोयाबीन, त्यावर हरभरा. दोन पिकांचे पैसे होतात, शेतकऱ्यानं का घेऊ नयेत? पण एकट्या हरभऱ्याच्या रानात करडईची ओळ नाही, वाळकाचा वेल नाही, आणि तणनाशकाच्या फवाऱ्यानं पाथरी गेली. ज्यानं नेटानं चार एकरांत ज्वारी ठेवली त्याच्यावर आख्ख्या शिवारातली पाखरं उतरतात, आणि गोफण घेऊन माळ्यावर बसायला आता कुणाचं पोरगं मोकळं आहे? येळवसची कोप करायला कडब्याच्या पेंढ्या विकत आणाव्या लागतात. हे आम्हांला लागतं. आमच्या म्हाताऱ्यांना त्याहून अधिक लागतं.

तरी घराघरात हट्टी माणसं आहेत. आमच्याकडं विहिरीजवळच्या पट्टीत ज्वारी असतेच, मध्ये करडई, कडेला गुळभेंडीच्या ओळी. पाखरांनी खाल्लं तर खाल्लं, असं म्हणून पेरतात. पुण्याहून, हैदराबादहून पोरं-सुना येळवसला येतात. येताना डबे आणतात, कारण जाताना काय मिळणार ते त्यांना ठाऊक असतं: ढाळ्यांची पेंढी, सोलून दिलेले तुरीचे सोले, वाळवलेली हरभऱ्याची भाजी, काकवीची बाटली, बोरं. गाडीची डिकी लागत नाही. सून म्हणते, "अक्का, एवढं कुठं ठेवू? फ्रिजमध्ये जागा नाही." अक्का पेंढी पुढच्या सीटवर, पायांपाशी ठेवते आणि म्हणते, "फ्रिजात कशाला ठिवतीस? नळदुर्ग येस्तवर पोरंच संपवत्याल. आन् भाजी धुऊ नगंस हां."